वाडीतल्या घरांचे फोटो काढणारे अनोळखी लोक : फलक, पडदे, नकाशे आणि कायदा

कौलारू

गिरगावची खोताची वाडी, माझगावची माटारपाखाडी, वांद्र्याचं रणवार, खारचं चुईम. मुंबईत जिथे जिथे लाकडी कठड्याची, बाहेरून जिना असलेली घरं उरली आहेत, तिथे शनिवार-रविवार सकाळी आणि उन्हं उतरताना कॅमेरे येतात. हेरिटेज वॉकचे गट, प्री-वेडिंगवाले, रील करणारे. भिंतीचा फोटो काढून पुढे गेले तर कुणाचीच हरकत नसते. पण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर नवरी बसवतात, ओटीवरच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला न विचारता टिपतात, गजांतून आत फोन घालतात.

धाग्यात तीन गोष्टींवर नेमकी माहिती हवी आहे.
१. कायद्याने यातलं काय थांबवता येतं आणि काय नाही?
२. तळमजल्याचं घर वारा न अडवता कसं झाकायचं? एप्रिल-मेमध्ये खिडक्या बंद ठेवून मुंबईत राहता येत नाही.
३. वाडीच्या तोंडाशी फलक लावायचा तर त्यावर काय लिहावं?

"एवढं सुंदर घर आहे तर लोक बघणारच" असे प्रतिसाद कृपया नकोत. घर सुंदर आहे म्हणून ते सार्वजनिक होत नाही.

कलमकसाई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे.

सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून घराच्या दर्शनी भागाचा फोटो काढणं हा गुन्हा नाही. वास्तूच्या बाबतीत प्रताधिकाराचा मुद्दाही चालत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये इमारतीचं चित्र किंवा फोटो काढून प्रसिद्ध करण्याला स्पष्ट सूट आहे. घर हेरिटेज यादीत असो वा नसो, फरक पडत नाही. उलटही तितकंच खरं : हेरिटेज दर्जा मिळाला म्हणून लोकांना आत येण्याचा हक्क मिळत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

जे थांबवता येतं ते असं.

पायरी, ओटी, जिना, अंगण हे घराचे भाग. तिथे चढलं की भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९. साध्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, राहत्या घरातल्या अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत. पण त्यात हेतू सिद्ध व्हावा लागतो : धमकी, अपमान, त्रास वगैरे. म्हणून आधी स्पष्ट शब्दांत "खाली उतरा, ही आमची जागा आहे" असं सांगणं महत्त्वाचं. सांगूनही तिथेच थांबला तर बाजू भक्कम होते. न सांगता थेट पोलिसांत गेलात तर समोरचा म्हणतो, मला वाटलं रस्ताच आहे.

खिडकीतून आतल्या बाईचे खाजगी क्षण टिपले तर कलम ७७. पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षं. एखाद्या बाईच्या एकांतात शिरून तिच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या वागण्याला कलम ७९. ही दोन कलमं पोलीस ठाण्यात नावानिशी सांगा.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई सगळे पुढे करतात, पण ते शरीराच्या खाजगी भागांच्या चित्रणापुरतं आहे, घराच्या फोटोला लागू नाही. २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा, गोपनीयतेला मूलभूत हक्क मानतो. पण तो दाखवून रविवारी सकाळी कुणाचा कॅमेरा बंद होत नाही. त्याचा उपयोग दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागताना.

ओटीवरची

छान माहिती. पण एक विचारते : फोन हिसकावून फोटो पुसायला लावला तर?

कलमकसाई

ओटीवरच्या ताई, अजिबात करू नका. हात धरला, वाट अडवली की कलम १२६, म्हणजे गैरकायदा अटकाव, आणि मग तक्रारदार तो आणि आरोपी तुम्ही. फोटो पुसण्याची विनंती करता येते, जबरदस्ती नाही. पुसला तरी फोनच्या 'अलीकडे हटवलेले' मध्ये तो बहुधा ३० दिवस राहतो, म्हणजे धक्काबुक्कीचा फायदाही शून्य.

त्याऐवजी आपल्या फोनवर वेळेसह दोन फोटो घ्या : तो नेमका कुठे उभा आहे तो एक, आणि पायरी व रस्ता यांची हद्द एकत्र दिसेल असा एक. वाद वाढला तर पोलिसांना ११२ वर फोन.

भिंग

फोटो काढणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, राग मानू नये. खोताच्या वाडीत एकेकाळी ६५ च्या आसपास घरं होती, आता तिसाच्याही आत आली आहेत. गेलेल्या घरांच्या नक्षीदार झडपा, वळचणीची लाकडी झालर, रंगीत काचा कशा होत्या हे आज फक्त कुणीतरी काढलेल्या फोटोंतूनच कळतं. सरसकट "फोटो काढू नये" म्हटलं तर ही नोंदही थांबेल.

पण नियम पाळूनच हे काम व्हायला हवं. आम्ही काही जण हे पाळतो :
घराच्या समोरून सरळ नाही, तिरक्या कोनातून घ्यायचं, म्हणजे उघड्या दारातून आतली खोली चौकटीत येत नाही. लांब पल्ल्याची लेन्स निवासी गल्लीत बाहेर काढायचीच नाही. ३५ मिलिमीटरने दर्शनी भाग छान येतो, आणि तेवढ्या जवळ उभं राहिल्यावर माणसाला विचारावंच लागतं. नावाची पाटी, गाडीचा नंबर, दोरीवरचे कपडे प्रसिद्ध करण्याआधी धूसर करायचे. ठिकाण टाकताना 'गिरगाव' एवढंच लिहायचं, घराची खूण नाही.

ओटीवरची

असहमत, आणि थोडं नाराजीने. "विचारावंच लागतं" म्हणता, पण दिवसातून वीस जणांनी नम्रपणे विचारलं तरी वीस वेळा दार उघडावं लागतंच ना? दुपारी आजारी माणूस झोपलेला असतो. विचारणं हा सुद्धा त्रास आहे, हे फोटोग्राफरांच्या लक्षात येत नाही. विचारायचं असेल तर वाडीच्या मंडळाला आधी लिहून विचारा, घराघरांत नको.

भिंग

मान्य. हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. मंडळाचा एक इमेल पत्ता फलकावर असेल तर गंभीरपणे काम करणारे तिथेच लिहितील.

माहीमचा_मासा

दारात झोपलेल्या मांजराचा फोटो काढायला मात्र मंडळाची परवानगी लागू नये, मांजर स्वतःच नकार देतं :)

काचवाला_काका

दुसरा प्रश्न माझा. आधी मोजमाप, मग खरेदी. लोक आख्खी काच झाकतात आणि घर अंधारं करून बसतात, त्याची गरज नसते.

जोतं रस्त्यापासून २ फूट उंच आहे असं धरा. बाहेर उभा माणूस फोन डोळ्यापाशी धरतो तेव्हा तो ५ ते साडेपाच फुटांवर, हात वर केला तर ७ फुटांवर. ७ वजा २, म्हणजे आतल्या जमिनीपासून ५ फुटांपर्यंत झाकलं की त्याला वरच्या उघड्या भागातून फक्त आढं आणि पंखा दिसतो. जोतं ३ फूट असेल तर ४ फुटांवर काम भागतं. खिडकीची वरची फळी उघडी ठेवा, गरम हवा तशीही वरूनच बाहेर जाते. जुन्या घरांत झडपा खाली-वर वेगळ्या उघडतात त्या याचसाठी. खालच्या झडपेच्या पट्ट्या अडकल्या असतील तर सुताराकडून मोकळ्या करून घ्या. पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली झुकवल्या की वारा येतो आणि बाहेरच्याची नजर आढ्याकडे जाते. यापुढे बाकी सगळं दुय्यम.

काचेला दुधी फिल्म लावायची तर :
काच धुवून ब्लेडने रंगाचे ठिपके खरवडा. अर्धा लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब, स्प्रे बाटलीत. फिल्म चारी बाजूंनी एक इंच मोठी कापा. मागचा कागद सोलताना चिकट बाजू सतत भिजवत राहा, नाहीतर ती स्वतःलाच चिकटते आणि मग तो तुकडा वाया. काचही ओली करा, फिल्म ठेवा, रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढा. शेवटी कडेला दीड-दोन मिलिमीटर जागा सोडून कापा. फिल्म लांबीवर (काच बसवतात त्या पुट्टीवर) चढली तर तिथूनच सुटायला लागते.

हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. लाकूड फुगलेलं असतं, लांबी ओली असते, आठवड्यात कडा उचलल्या जातात. नवरात्रानंतर करा. फिल्म आतल्या बाजूने. खडबडीत नक्षीच्या काचेवर ती बसतच नाही, आणि त्या काचेला तिची गरजही नसते.

'एकतर्फी आरसा' म्हणून विकतात ती फिल्म घेऊ नका. ती उजेडाच्या फरकावर चालते : दिवसा बाहेर उजेड जास्त म्हणून आरसा दिसतो. संध्याकाळी आत दिवा लागला की तुम्हाला आरसा दिसतो आणि रस्त्याला तुमची खोली. शिवाय गडद फिल्म जुन्या पातळ काचेवर उन्हात तापते, चीर जाऊ शकते.

सुई_दोरा

काकांना अनुमोदन, पडद्यांची भर घालते. पातळ जाळीदार पडदा दिवसा पुरतो, रात्री नाही. दोन दांड्या लावा : खिडकीकडे पातळ, आत जाड सुती. दिवेलागणीला जाड ओढायचा.

अजून एक, जे फार कमी लोक बघतात : दिवा कुठे आहे. दिवा खोलीच्या आतल्या भिंतीवर आणि माणूस दिवा-पडद्याच्या मध्ये असेल तर आख्खी सावली पडद्यावर उमटते, कपडे बदलताना सुद्धा. दिवा खिडकीच्याच भिंतीवर घ्या, सावली उलट्या भिंतीवर जाते. इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम आहे.

ओटीसाठी बांबूची चिक. वरून सोडताना कठड्याच्या खाली चार बोटं येईल एवढी लांब घ्या, बसलेला माणूस झाकला जातो आणि फटींतून वारा येतो. खालच्या काठीला दोन्ही टोकांना दोरी बांधून कठड्याला अडकवा, नाहीतर वाऱ्याने ती रात्रभर आपटते. हिरवी शेडनेट ७५ टक्क्यांच्या वरची घेऊ नका, वारा मरतो.

तारजोड

सीसीटीव्हीबद्दल कुणी लिहिलं नाही. बाहेरच्यांवर लक्ष ठेवायला लावलेला कॅमेरा समोरच्या घरात बघतो आणि मग दोन शेजाऱ्यांतच भांडण होतं, असं या अरुंद गल्ल्यांत हमखास घडतं. दहा-बारा फुटांची गल्ली, त्यात २.८ मिलिमीटरची लेन्स म्हणजे शंभर अंशांहून जास्त दिसतं. समोरची खिडकी आलीच. वाडीच्या तोंडासाठी ४ किंवा ६ मिलिमीटर घ्या, अडीच-तीन मीटर उंचीवर, खाली झुकवून, फाटक आणि रस्ता एवढंच चौकटीत.

तरी एखादी खिडकी येत असेल तर मेनूत 'प्रायव्हसी मास्क' असतो, त्या खिडकीवर काळा चौकोन ओढा. तो कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये टाका. काही संचांत रेकॉर्डरवर टाकलेला चौकोन फक्त पडद्यावर दिसतो, साठवलेल्या चित्रणात खिडकी तशीच राहते. म्हणून मास्क टाकल्यावर पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग मागे जाऊन बघा, आणि रात्री एकदा पुन्हा. मग समोरच्यांना बोलावून स्क्रीन दाखवा. मायक्रोफोन बंद, कंपनीचा मूळ पासवर्ड बदललेला, चित्रण १५ ते ३० दिवसांत आपोआप पुसलं जाईल असं ठेवा.

कलमकसाई

तारजोड यांना जोडून : एका छपराखाली राहणाऱ्या भावाच्या राहत्या भागावर त्याच्या संमतीशिवाय कॅमेरा रोखणं हा गोपनीयतेचा भंग, असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. सामायिक घरांत भाऊबंदकीचे कॅमेरे असतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पतंग_उडवा

ड्रोनचं काय? छपराच्या वरून घिरट्या घालतात.

तारजोड

वांद्रे-खार विमानतळाच्या इतकं जवळ आहे की तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवताच येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत पिवळा, म्हणजे परवानगी लागणारा पट्टा आहे, त्याच्या आत त्याहून कडक लाल. शिवाय मुंबई पोलीस ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी काढतात. २५० ग्रॅमच्या आतल्या खेळण्यातल्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण बंदी आदेश त्यालाही लागू. दगड मारून पाडू नका, खाली कुणाच्या डोक्यात पडेल. उडवणारा सहसा गच्चीवर किंवा मोकळ्या जागी असतो. ड्रोन बॅटरीसाठी परत जातो ती दिशा बघा, आणि ११२ ला दिशा आणि वेळ सांगा.

नकाशेवेडी

फोटो काढून झाल्यानंतरचा भाग मी लिहिते, कारण खरी गर्दी तिथून तयार होते. एका रीलवर घराची खूण टाकली की पुढच्या रविवारी पन्नास जण तीच पायरी शोधत येतात.

गूगल स्ट्रीट व्ह्यू भारतात जुलै २०२२ मध्ये आलं, सुरुवातीच्या दहा शहरांत मुंबई होती. चेहरे आणि गाड्यांचे नंबर ते आपोआप धूसर करतात, घर नाही. घर धूसर करून घ्यायला : कॉम्प्युटरवर आपल्या घरासमोरचं स्ट्रीट व्ह्यू उघडा, उजवीकडे खाली 'समस्या कळवा'. चौकट घरावर आणा, 'माझं घर' निवडा, कोणतं घर ते शब्दांत लिहा, उदाहरणार्थ "हिरव्या झडपांचं, डावीकडून दुसरं". इमेल टाकून पाठवा. पुढून आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून घर वेगवेगळ्या चित्रांत दिसतं, म्हणून दोन्हीकडून पाठवा. धूसर केलेलं परत स्पष्ट करून मिळत नाही, त्यामुळे एकत्र कुटुंबात सगळ्यांशी बोलून मगच करा.

कुणी आपल्या घराची नकाशावर 'पर्यटन स्थळ' म्हणून खूण केली असेल तर ती वेगळी गोष्ट. त्या खुणेवर जाऊन 'बदल सुचवा', मग 'बंद करा किंवा काढून टाका', आणि कारण 'लोकांसाठी खुलं नाही'. वाडीतल्या पाच-सात जणांनी आपापल्या खात्यावरून पाठवा. त्या खुणेखालच्या फोटोंवरही एकेक करून तक्रार करावी लागते.

इन्स्टाग्रामवर आधी टाकणाऱ्याला थेट निरोप पाठवा : फोटो राहू दे, घराची खूण आणि घर क्रमांक काढा. बरेच जण ऐकतात, कारण फोटो काढून टाकायला सांगितलेलं नसतं. नाही ऐकलं तर ॲपमधून तक्रार, मग कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. तक्रार क्रमांक जपून ठेवा, पुढे केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जायला तोच लागतो.

आणि घर भाड्याने किंवा विकायला काढणाऱ्यांनी : मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते गळतात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसेच्या तसे जातात.

काचवाला_काका

ही शेवटची ओळ माहीत नव्हती. दलालाला नेहमी डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतात लोक, फोटो स्पष्ट यावा म्हणून.

मालमत्ता_पत्रक

सगळे "सार्वजनिक रस्ता" गृहीत धरून चाललेत. आधी गल्ली कुणाची ते तपासा! नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि नकाशा काढा, महापालिकेच्या विभाग कार्यालयात ती गल्ली सार्वजनिक म्हणून जाहीर झालेली आहे का ते लेखी विचारा. १८८८ च्या महापालिका कायद्यात खाजगी रस्ता आणि सार्वजनिक रस्ता असा भेद आहे, आणि खाजगी रस्ता पुढे सार्वजनिक जाहीर होऊ शकतो. गल्ली जुन्या खोताच्या किंवा ट्रस्टच्या नावावर निघाली तर मालकाच्या संमतीने तोंडाशी फाटक आणि "खाजगी वाट" अशी पाटी लावता येते. मात्र शेजारच्या घरांची वहिवाट असेल तर ती अडवता येत नाही, आणि अग्निशमन दलाच्या गाडीची वाट तर कधीच नाही.

सोसायटीचं आवार असेल तर सोपं : सर्वसाधारण सभेत ठराव करा, पहारेकऱ्याला त्याची प्रत द्या. पण बाहेरच्या माणसाला "५०० रुपये दंड" लावण्याचा अधिकार ना सोसायटीला ना वाडीच्या मंडळाला. अशा पाट्या दिसतात, त्या काढा. पैसे घेतले तर उलटी तक्रार होईल.

कौलारू

सगळ्यांचे मनापासून आभार. मालमत्ता पत्रकाचा मुद्दा डोक्यातच नव्हता, ते आधी करायला हवं. आता तिसऱ्या प्रश्नाकडे : फलकाचा मजकूर. माझा कच्चा मसुदा असा आहे :

"फोटो काढण्यास सक्त मनाई. कायदेशीर कारवाई केली जाईल."

कलमकसाई

गल्ली सार्वजनिक असेल तर हा फलक चुकीचा आहे. जे अडवता येत नाही ते अडवतो म्हटलं की जे अडवता येतं त्यालाही लोक जुमानत नाहीत.

ओटीवरची

आणि "मनाई" वाचून लोक त्या फलकाचाच फोटो काढतात. माझा मसुदा :

"इथे लोक राहतात. पायरी, जिना, ओटी ही घरं आहेत, त्यावर चढू नका. खिडकीतून आत आणि माणसांचे फोटो काढू नका. घराचा पत्ता किंवा खूण कुठेही टाकू नका. चित्रीकरणासाठी आधी मंडळाला लिहा."

खाली इमेल. मराठीत मोठं, हिंदी-इंग्रजीत लहान.

भिंग

हे उत्तम आहे. "काय करू नका" नेमकं कळतं. फक्त "दुपारी १ ते ४ शांतता" घाला, वॉकवाले त्यावरून वेळ ठरवतात.

काचवाला_काका

मजकूर लहान ठेवा. वीस फुटांवरून सहज वाचायचं तर मराठी अक्षर दोन इंचांचं लागतं, मात्रा-वेलांट्यांमुळे इंग्रजीपेक्षा मोठं. ओटीवरच्या ताईंचं पहिलं वाक्य दोन इंचांत, बाकीचं एका इंचात. दोन बाय तीन फुटांचा, ३ मिलिमीटरचा एसीपी पत्रा (मध्ये प्लास्टिक, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम) घ्या. प्लायवूड एका पावसाळ्यात फुगतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, साधे समुद्राच्या हवेत गंजून फलकावर तांबडे ओघळ येतात.

भोकं घराच्या दर्शनी लाकडात पाडू नका, फाटकाच्या खांबात पाडा. महापालिकेच्या दिव्याच्या खांबाला लावायचा तर लेखी परवानगी घ्या, नाहीतर विद्रूपीकरणाच्या १९९५ च्या कायद्यात तुम्हीच सापडाल. उंची जमिनीपासून पाच फूट, आत येणाऱ्याच्या डाव्या हाताला.

कौलारू

डाव्या हाताला का?

काचवाला_काका

गल्लीत शिरताना माणूस डावीकडून चालतो, आणि फोन बहुतेकांच्या उजव्या हातात असतो. फोन वर करण्याआधी फलक दिसला पाहिजे.